हौदातली जलकोबी पिवळी पडून राहिली, मासेही पहाटे वर येतात – काय करावं?

प्रतापनगरवाला:
नमस्कार मंडळी. घरामागे सांदवाडीत सिमेंटचा जुना हौद आहे, आठ बाय पाच फूट, पाणी दोन फूट राहते म्हणजे साधारण बावीसशे लिटर धरा. त्यात गोल्डफिश आहेत नऊ-दहा, दोन कोई (दुकानदार म्हणाला लहानच राहतात, ते आता वीतभर झाले), आणि गप्पी मोजायच्या पलीकडे. होळीच्या सुमारास नर्सरीतून जलकोबी आणली, ती कोबीच्या गड्ड्यासारखी तरंगते ती, जांभळ्या फुलाची नाही. आधी मस्त पसरली, पाणी दिसेना इतकी. आता एप्रिल संपत आला तर पानं पिवळी, कडा पांढऱ्या पडून कडक झाल्या, मुळं जवळजवळ नाहीतच, आणि सध्या पहाटे पाहतो तर सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करून राहिले. ऊन चढलं की जातात खाली. रोग आहे का काही? आणि एवढी झाडं असताना ऑक्सिजन कमी कसा काय पडेल, मला तर समजून नाही राहिलं. पंप नाही, कारंजं नाही. पाणी नळाचं, कधी बोअरचं.

बर्डीचा_बंड्या:
गिल्सचा प्रॉब्लेम आहे भाऊ. खडा मीठ टाका सहा-सात किलो, आपोआप ठीक होते. मी तर दर उन्हाळ्यात टाकतो टाकीत, मासे एकदम टणाटण.

खामल्याचा_खंड्या:
थांबा हो, मीठ टाकू नका! बंड्याभाऊ तुमच्या टाकीत झाडं नसतील म्हणून चालून जाते. बावीसशे लिटरला सात किलो म्हणजे लिटरमागे तीन ग्रॅम, गोल्डफिश सहन करते, पण जलकोबी आणि जलपर्णी दोन्ही गोड्या पाण्याची झाडं, त्यांची पानं करपतात आणि मग सडून पाणी अजून खराब. शिवाय मीठ उडून जात नाही, पाणी उडते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हौदाची पातळी रोज खाली जाते, आपण वरून भरत राहतो, मीठ आहे तिथेच. काढायचं तर पाणीच बदलावं लागते. मासा खरंच आजारी असेल तर त्याला वेगळ्या टबमध्ये घ्या आणि तिथे द्या काय मीठ द्यायचं ते.

आणि प्रतापनगरवाले, पहाटे वर येतात आणि उन्हात खाली जातात हे तुम्हीच लिहिलं ना, त्यातच उत्तर आहे. गिल्सचा रोग घड्याळ पाहून येत नाही. हा ऑक्सिजनचा मामला आहे.

प्रतापनगरवाला:
पण झाडं तर ऑक्सिजन देतात ना?

खामल्याचा_खंड्या:
देतात, पण कुठे देतात ते पाहा. जलकोबीची पानं पाण्याच्या वर, हवेत. कार्बन डायऑक्साइड हवेतून घेते आणि ऑक्सिजनही हवेतच सोडते, पाण्याला त्यातलं जवळपास काही मिळत नाही. पाण्याला देणारी झाडं म्हणजे बुडालेली, हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, सेरॅटोफायलम वगैरे. तुमच्या हौदात तरंगणाऱ्या झाडांनी पूर्ण छत घातलं तर खाली ऊन नाही, म्हणजे शेवाळंसुद्धा ऑक्सिजन बनवू शकत नाही, आणि वरून हवा पाण्यात विरघळते ती वाटही बंद. उलट मुळं, मासे, तळाचा गाळ, सडलेली पानं हे सगळे रात्रभर ऑक्सिजन वापरून राहिले. म्हणून पहाटे सगळ्यात कमी.

त्यात आपला उन्हाळा. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३५ डिग्रीला ७ च्या आत येतो, तेही पाणी पूर्ण भरलेलं असेल तर. आणि गरम पाण्यात माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढते. म्हणजे मागणी जास्त, पुरवठा कमी.

आजच्या आज अर्धी झाडं काढा. आणि रात्री एअर पंप लावा, साधा दोन नळ्यांचाही चालेल. लाइट जायची भीती असेल तर बॅटरीवाला मिळतो.

मनीषनगरची_काकू:
अगदी बरोबर सांगताहेत खंड्या. माझा नियम साधा, अर्धं पाणी उघडं दिसलंच पाहिजे, कडक उन्हात फार तर साठ टक्के झाकू देते, त्याच्यावर गेलं की काढायचं. दर रविवारी चहा झाला की मी हौदाशी. आणि काढताना लोक काय करतात, चांगली मोठी झाडं ठेवतात आणि लहान काढतात. उलट करा. मोठी म्हातारी झाडं काढा, त्यांचीच पानं खालून सडतात. मधल्या वयाची आणि पिल्लं ठेवा, ती जोमाने वाढतात आणि पाण्यातलं नत्रही तीच जास्त ओढतात. अजून एक, झाड उचललं की लगेच फेकू नका, बादलीवर धरून मुळं पाण्यात हलवा. गप्पीची पिल्लं त्यात लपलेली असतात, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तर धस्स झालं.

प्रतापनगरवाला:
काल संध्याकाळी अर्ध्याहून जास्त काढली काकू, पंप शेजाऱ्याचा आणून लावला. आज पहाटे एकही मासा वर नव्हता! आता मुळांचं सांगा. एक झाड उलटं करून नीट पाहिलं. खाली जे लांब झुपकेदार असायला पाहिजे ते नाही, बोटभर लांबीचे खुंट राहिले नुसते, टोकं सरळ कापल्यासारखी, बारीक तंतू तर साफ. पण सडका वास नाही, हाताला चिकट पण लागत नाही. जुनी बाहेरची पानं पिवळी आणि मधलं नवीन पान पण फिक्कट, त्याच्या शिरा तेवढ्या हिरव्या. फोटो चढून नाही राहिला म्हणून लिहूनच सांगतो.

खामल्याचा_खंड्या:
लिहिलं ते फोटोपेक्षा बरं आहे. सडलेली मुळं काळी-तपकिरी, लिबलिबीत आणि हात लावला की गळून येतात. खुंट सरळ कापलेले म्हणजे खाल्लेले. गोल्डफिश आणि कोई दोघंही मुळं कुरतडतात, कोई तर अख्खं झाड ओढत फिरवते. आणि मुळं नाहीत तर झाड खाणार कशाने, पिवळंच पडणार.

खात्री करायची असेल तर बादलीत हौदाचंच पाणी घ्या, दोन खुंटवाली झाडं टाका, मासा एकही नको, हौदाजवळच तेवढ्याच सावलीत ठेवा. मुळं फुटायला लागली तर चोर मासे. मुळं फुटली पण नवीन पानं फिक्कीच राहिली तर खुराकही कमी आहे, मग लोहाकडे पाहायचं.

काटोलचा_संत्रेवाला:
काहून एवढं डोकं लावता बाप्पा. शेण कालवून टाका ना एक टोपलं. आमच्या शेततळ्यात रोहू-कटला आहे, शेणावर मस्त वाढते, अझोल्याच्या वाफ्यात पण आपण शेण आणि सुपर फॉस्फेटच टाकतो का नाही? नाहीतर मूठभर युरिया. झाड हिरवंगार करून देतो.

निवृत्त_मास्तर:
संत्रेवाले, तुमचं शेततळं लाखो लिटरचं, त्यात शेणाने प्लवक वाढते आणि कटला-रोहू तेच खातात, तिथे ते शास्त्र बरोबर आहे. अझोल्याच्या वाफ्यात मासेच नाहीत. इथे बावीसशे लिटर, उन्हाने तापलेलं, आणि मासे आधीच वर येऊन राहिलेले. शेण कुजताना उरलेला ऑक्सिजनही ओढून घेईल.

युरियाचं तर नावच काढू नका. त्यातून अमोनिया बनतो. अमोनियाचा विषारी भाग पीएच आणि तापमान वाढलं की वाढतो, आणि ज्या पाण्यात हिरवं शेवाळ असतं तिथे भर दुपारी पीएच नऊपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे सकाळी जी मात्रा चालून गेली ती दुपारी तीन वाजता मासे मारू शकते. शिवाय माशांच्या विष्ठेतून नत्र आणि फॉस्फरस झाडाला पुरेसा मिळतच असतो. हौदात कमी पडतात ते बहुधा लोह आणि पोटॅश.

पानं वाचायला शिका, सोपं आहे. जुनी पानं सगळीच्या सगळी फिक्की पिवळी म्हणजे नत्र, पण मासे भरपूर असताना हे क्वचित. जुन्या पानांना कडेने पिवळेपणा आणि टाचणीएवढी भोकं म्हणजे पोटॅश. नवीन पान फिक्कं आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह. तुम्ही लिहिलेलं दुसरं लक्षण लोहाकडे बोट दाखवतं, आणि बोअरच्या कठीण अल्कलाइन पाण्यात ते होतंच, लोह असलं तरी झाडाला उचलता येत नाही.

प्रतापनगरवाला:
सर मग लोखंडी खिळे टाकू का? वडील म्हणतात लिंबाच्या झाडाला तेच करत होते.

निवृत्त_मास्तर:
वडिलांना नमस्कार सांगा, पण नको. त्या पाण्यात खिळा गंजून तळाशी बसेल, झाडाला काही मिळणार नाही. कृषी केंद्रात चिलेटेड लोह मिळतं (झाडाला उचलता येईल असं बांधलेलं), त्यात ईडीटीए आणि डीटीपीए असे प्रकार येतात. आपल्या पाण्याला डीटीपीए बरं, ईडीटीए अल्कलाइन पाण्यात लवकर निकामी होतं. साधारण अकरा टक्क्यांचं असेल तर हजार लिटरला एक ग्रॅम, म्हणजे तुमच्या हौदाला दोन ग्रॅम पुरे, सोन्याच्या काट्यावर मोजा वाटल्यास. आठवड्यातून एकदा, पानं सुधारली की बंद. "मायक्रोन्यूट्रिएंट मिक्स" लिहिलेली पुडी घेऊ नका, त्यात तांबं आणि जस्त असतं, तांबं माशांना आणि गोगलगायींना वाईट. पोटॅश लागलंच तर शून्य-शून्य-पन्नास (सल्फेट ऑफ पोटॅश), वीस ग्रॅम, पाण्यात विरघळवून.

पण आधी बादली. मुळं नसतील तर हे सगळं फुकट.

पुणेकर_सध्या_नागपुरात:
एक शंका. सगळीकडे लिहिलेलं असतं की वॉटर लेट्यूसला, म्हणजे जलकोबीला, फुल सन लागतो. मी बाल्कनीत टब ठेवलाय, पश्चिमेला, दुपारचं ऊन थेट येतं, आणि पानं दोन दिवसांत पांढरी झाली. मग फुल सन द्यायचं की नाही?

बर्डीचा_बंड्या:
हाहा पुणेकर, ते लिहिणाऱ्यानं नागपूरचा मे पाहिला नसेल. इथे २०१३ च्या मेमध्ये पारा ४७.९ वर गेला होता, आणि नवतपा (मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस) अजून यायचाच आहे 😄

मनीषनगरची_काकू:
चिडवू नका रे त्याला. ऐक बाळा, सकाळचं ऊन नऊ-दहापर्यंत भरपूर दे, नंतर हिरवी शेडनेट पन्नास टक्केवाली. इतवारीत दोरी-जाळीच्या दुकानात मीटरवर मिळते. झाडाला नुसतं ऊन नाही जाळत, दुपारी त्या गरम कोरड्या झळा येतात ना, पान पाणी उडवते त्या वेगाने मुळं ओढू शकत नाहीत, म्हणून कडा कागदासारख्या होतात. टब लहान असेल तर पाणीही तापते, मासे असतील तर त्यांचं कठीण. टब जमिनीत गाडता आला तर उत्तम, बाल्कनीत निदान ओल्या गोणपाटाने गुंडाळ. आणि नळाचं पाणी भरशील तर एकदम नाही, क्लोरीन असते, बादलीत रात्रभर उघडं ठेवून मग ओत, नाहीतर अँटी-क्लोरीनचे थेंब. कुलर रिकामा करतात ते पाणी तर चुकूनही नको, आमच्या शेजारणीने ओतलं होतं, त्यात वासाचं औषध होतं.

पुणेकर_सध्या_नागपुरात:
धन्यवाद काकू! अजून एक, पानांच्या मागे काळे बारीक किडे आहेत, चिकट. नर्सरीवाला म्हणाला फवारा.

मनीषनगरची_काकू:
मावा तो. फवारू नको!! बागेची बहुतेक कीडनाशकं माशांना विषच, सिंथेटिक पायरेथ्रॉइडवाली तर थेंबाथेंबाने मारतात. झाडं जाळीखाली दाबून दोन-तीन तास पाण्यात बुडवून ठेव, मावा सुटून वर येतो, मासे फराळ करतात. चार-पाच दिवसांनी परत.

निवृत्त_मास्तर:
कीटकांवरून आठवलं. गप्पी सोडले म्हणजे मच्छर संपले असं धरू नका. मॅन्सोनिया नावाचा डास आहे, त्याची अळी श्वास घ्यायला वर येतच नाही, जलकोबी आणि जलपर्णीच्या मुळात नळी खुपसून तिथूनच हवा घेते. केरळात हत्तीरोग पसरवण्यात त्याचा हात होता. काकूंचं ते रविवारी मुळं बादलीत हलवणं त्यासाठीही उपयोगी, फक्त ते पाणी परत हौदात न टाकता मातीत ओता, पिल्लं गाळून घेऊन.

प्रतापनगरवाला:
मंडळी, बादलीतल्या झाडांना मुळं फुटली! पांढरी, बारीक लव असलेली. म्हणजे चोर मासेच. नवीन पान मात्र अजून फिक्कंच आहे, म्हणून सर म्हणाले तसं लोह सुरू केलं. आता हौदात ती परत कशी सोडू, मासे तर तिथेच आहेत.

खामल्याचा_खंड्या:
तरंगतं कुंपण करा. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे चार तुकडे, चार एल्बो, सोल्युशन लावून हवाबंद चिकटवा, तो चौकोन आपोआप तरंगते. त्याच्या खाली प्लास्टिकची बागेची जाळी, सेंटिमीटरभर भोकांची, पिशवीसारखी केबल टायने बांधा. खोली फूटभर तरी द्या, मुळं मोकळी वाढली तर हात-हातभर जातात. गप्पी आत ये-जा करतात, ते बरंच आहे, मोठे मासे बाहेर. चौकोन कोपऱ्यात दोरीने बांधून ठेवा, वाऱ्याने फिरला तर जाळी खरचटते. असा एक चौकोन म्हणजे वरची जागा पण आपोआप मापात राहते, झाडं त्याच्या बाहेर गेली की काढा.

आणि गोल्डफिशला चरायला काहीतरी द्या, नाहीतर जाळीवरच टोचत बसतात. एका टबात डकवीड (पाण्यावर तरंगणारी टिकलीएवढी झाडं) वाढवा, आठवड्याला ओंजळभर टाका. पण डकवीड हौदात ठेवायला जाऊ नका, कोईंनी संपवलं नाही तर ते तुम्हाला संपवेल.

कोईंचं वेगळं बोलू. ते दीड-दोन फुटांचे होतात, दोन फूट पाण्यात दोघांचं नाही निभणार.

हिंगणारोड_नर्मदा:
कोई मला द्या ना, आमच्याकडे शेडखाली दहा हजार लिटरची टाकी आहे, फिल्टर पण आहे, तिथे आधीच चार आहेत. आधी वेगळ्या टाकीत ठेवीन काही दिवस. मेसेज करते.

वर्मालेआउटचा_वाचक:
काढलेली झाडं कुठे टाकता ते कोणीच नाही लिहिलं. कृपा करून नालीत, नाल्यात, तलावात नको. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा आमच्या भागात अंगणातल्या कुंड्यासुद्धा वाहून गेल्या, टबांतली झाडं कुठे पोचली देव जाणे. अंबाझरीत जलपर्णीचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंच आहे, यंत्र लावून काढावी लागते. एक-दोन आठवड्यांत दुप्पट होणारं झाड आहे ते, त्याला एक नाली पुरते.

निवृत्त_मास्तर:
अगदी. आणि साल्व्हिनिया, तेही तरंगणारंच तण, त्याहून हट्टी. आपल्या उत्तरेला बैतूल जिल्ह्यात सारणीचा सातपुडा जलाशय त्याने झाकून टाकला होता, तिकडे चायनीज झालर म्हणतात. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने सिर्टोबॅगस नावाचा दोन मिलिमीटरचा भुंगा सोडला, तो साल्व्हिनियाच खातो, तेव्हा पाणी दिसलं. उलट आपल्या भंडारा-गोंदियातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत ढिवर महिलांच्या गटांनी बेशरम हे तण उपटून हायड्रिला, व्हॅलिसनेरिया लावल्या, मासे परत यावेत म्हणून. प्रतापनगरवाले, तुम्हीही एका कुंडीत वाळू भरून व्हॅलिसनेरिया लावा आणि तळाशी ठेवा, वर थोडी जाळी बांधून. दिवसा तरी पाण्यात ऑक्सिजन येईल.

मनीषनगरची_काकू:
मी तर गच्चीवर पसरते. मेमध्ये दोन दिवसांत कुरकुरीत होतात, मग कंपोस्टमध्ये. पावसाळ्यात वाळत नाहीत तेव्हा खड्ड्यात पुरते. आणि हौदाच्या ओव्हरफ्लो पाइपला जाळी मृगाच्या आधीच बांधून घ्या सगळ्यांनी, पाऊस सुरू झाल्यावर कोणी बांधत नाही.

काटोलचा_संत्रेवाला:
वाळवलेलं आमच्या संत्र्याच्या आळ्यात पण चालते, पोतं भरलं की फोन करा, शेण देतो बदल्यात. हौदात नाही टाकणार, कबूल 😀

पुणेकर_सध्या_नागपुरात:
हिवाळ्यात काय करायचं? इथे थंडी पण पडते म्हणतात.

खामल्याचा_खंड्या:
पडते म्हणजे, डिसेंबर २०१८ मध्ये साडेतीनपर्यंत गेला होता पारा. जलकोबीला पंधराच्या खाली मजा येत नाही, पानं पाणचट होऊन बसतात. आठ-दहा पिल्लं घरात टबात काढून ठेवायची, उजेडाच्या खिडकीत, बाकीची दिवाळीनंतर कमी करत जायची म्हणजे हौदात सडणार नाहीत. फेब्रुवारीत परत सोडा.

पुणेकर_सध्या_नागपुरात:
टब ठेवायला घरात जागाच नाही हो, वन बीएचके.

बर्डीचा_बंड्या:
बे, कुलर आहे ना? हिवाळ्यात त्याचं टाकं रिकामंच असते. फायबरचं असेल तर घासून धुऊन त्यात ठेव, पत्र्याचं असेल तर नको, जस्त उतरते. आणि मोटर आधी काढून ठेव.